चाफ्याची अंघोळ

आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं आणि आमच्या बुढापारा मोहल्ल्यात प्रत्येक दुखण्याला आयतं कारण मिळालं. खोकला झाला, राजधानीमुळे. नळ गेला, राजधानीमुळे. त्यामुळे अंगणातल्या लाल चाफ्याची पानं पिवळी पडून गळायला लागली, फांद्यांची टोकं काळी झाली, तेव्हा घरात कुणाला शंकाच नव्हती.

"सिलतऱ्याची काजळी, दुसरं काय," सासरे म्हणाले. तिकडचे लोखंडाचे कारखाने वाढले होते हे खरं. गच्चीवर अनवाणी गेलं की तळपाय काळे व्हायचे.

चाफा सासूबाईंनी लावलेला. त्या गेल्यापासून सासरे रोज सकाळी नळाला पाइप लावून त्याला शेंड्यापासून अंघोळ घालायचे. पानं गळू लागल्यावर संध्याकाळचीही अंघोळ सुरू झाली.

सल्ल्यांना नुसता ऊत आला. शेजारच्या दीदींनी नजर लागली म्हणून फांदीला लिंबू-मिरची बांधली. नर्सरीवाल्या भैयानं झाड न बघताच औषधाची बाटली दिली. नवरा पेपरातून मान वर न करता "बुरशी असेल" म्हणाला. उठून हात लावून बघायला मात्र एकालाही सवड नव्हती. माझं डोकंच उठलं.

रविवारी मीच पदर खोचला. पान पुसलं, तर काजळी सगळी फडक्यावर आली आणि पान खाली पिवळंच. म्हणजे काजळी बिचारी नुसती वर बसली होती. फांदीचं टोक दाबलं, तर फार पिकलेल्या केळ्यासारखं बोट आत गेलं. कापलं, तर तपकिरी पाणी ठिबकलं. बुडाशी खुरपं घातलं, तर दिवाळी तोंडावर आलेली असताना तिथे चिखल!

"बाबा, पाण्यानं सडून राहिलं झाड. पाइप बंद करा."

"काहून? तहानेनं मारतेस काय त्याले?"

मी कापलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दाबला आणि वास घेतला.

"मग मी सकाळी उठून काय करू?"

माझा राग अजून उतरला नव्हता. "गेट धुवा. त्याच्यावरही काजळी बसते."

"गेट का तिनं लावलं होतं?"

मला फार वाईट वाटलं. सडक्या फांद्या छाटल्या, आणि दुसऱ्या सकाळी वाटीभर पाणी नि जुनं धोतर फाडून त्यांच्यापुढे ठेवलं. "उरलेली पानं पुसा. पण बुडाशी थेंब नको."

"हव," ते म्हणाले, आणि दुपारपर्यंत जेवायलाही उठले नाहीत.

उन्हाळ्यात चाफ्याला नवी पानं फुटली, ती नेमकी शेंड्याला. त्यांचा हात तिथवर पुरेना. मग काय, रोज ऑफिसला निघायच्या आधी साडी खोचून मी स्टुलावर, आणि खालून ते बोट दाखवत, "ते राहिलं पाह्य, ते तिकडचं. तिनं असं ठेवलं नसतं."