राणीच्या मुलाची वकील

तैयलनायकीसमोर चोळांच्या राणीच्या मुलाबद्दल वाकडं बोलायची सोय नव्हती. राणीला जाऊन हजार वर्षं झाली होती, मुलालाही जवळपास तितकीच. पण गावाला नाव राणीचं, देऊळ राणीचं, आणि दरवर्षी तिच्या जन्मनक्षत्राला तिच्या मूर्तीला नवी साडी नेसवून मिरवायची रीत. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या तैयलनायकीला ती राणी शेजारीणच वाटायची, आणि तिचा मुलगा म्हणजे घरचंच पोर.

त्या दिवशी मद्रासहून कादंबऱ्या वाचणाऱ्यांची बस यायची. कादंबऱ्यांत चुलत घराण्यातल्या युवराजाचा खून होतो, मग राणीचा मुलगा गादीवर बसतो, आणि वाचक बोट दाखवायला मोकळे. यंदाही एक चष्मेवाले मास्तर बोललेच, "खून कुणी का केला असेना, फायदा कुणाचा झाला ते बघा!"

तैयलनायकीनं गजऱ्याचा दोरा दातांनी तोडला. "अहो मास्तर, त्याचा बाप राजा होता! बाप गेला तेव्हा पोर मांडीवर, म्हणून धाकट्या काकाला बसवलं. सांभाळायला दिलं म्हणजे काय देऊन टाकलं? काका बसला, मग काकाचा मुलगा बसला. आपलंच परत घेतलं तर चोर कसा हो?"

मास्तर वरमले. गावकरी मात्र गालातल्या गालात हसत सनईसारखं नादस्वरम वाजवणाऱ्या नटेसनकडे बघत होते. लेकी बोले सुने लागे! तैयलनायकीचा नवरा देवळात नादस्वरम वाजवायचा. तो गेला तेव्हा तिचा कलियन दोन वर्षांचा. म्हणून वाजवण्याचा मान धाकट्या दिराकडे गेला, आणि दीर गेल्यावर त्याच्या मुलाकडे, नटेसनकडे. वीस वर्षं तिनं त्या घराशी बोलणं टाकलं होतं. कलियनलाही तिकडे फिरकू देत नव्हती. बोलायची ती फक्त राणीबद्दल, तेही नटेसनला ऐकू जाईल अशा बेतानं.

थोरल्या काकूला नटेसननं आजवर उलट उत्तर दिलं नव्हतं. यंदा त्यानं वाद्य ओठांपासून दूर केलं. "पेरियम्मा, हे राणीचं चाललंय की आमचं?"

"ज्याला लागलं त्याचं."

"मग सरळ माग की! अप्पा जाताना सांगून गेले, मान कलियनचा आहे, मागायला आली की देऊन टाक. सात वर्षं वाट बघतोय मी. एकदा तरी मागितलंस?"

तैयलनायकीनं फुलांची टोपली बाजूला सारली. हजार वर्षांपूर्वीची भाऊबंदकी तिला तोंडपाठ होती. मागायचं तेवढं राहून गेलं होतं.

"मागते," ती म्हणाली. "दे."

नटेसननं वाद्य पुसून गर्दीत उभ्या असलेल्या कलियनच्या हातात दिलं. कलियन भाताच्या गिरणीत कामाला. आईकडे बघत त्यानं गाल फुगवले आणि फुंकर मारली. जो आवाज निघाला, त्यानं बसवाली मंडळी पोट धरधरून हसली. पोरगा कानापर्यंत लाल झाला. "अम्मा, मला शिकवलंय कुणी?"

हे मात्र काळजाला लागलं. गावात शिकवणारं घर एकच होतं, आणि त्याची वाट तिनंच बंद केली होती. हक्क कुणी बळकावला नव्हता. पोराचं नुकसान तिचं तिनंच केलं होतं. ती रडली, सगळ्यांदेखत, राणीदेखत.

मिरवणूक नटेसनच्याच सुरावर पार पडली. पालखी देवळात परतली तशी ती टोपली काखेत मारून त्याच्या घरी गेली.

"शिकव त्याला. मानाचं मग बघू."

"पहाटे चारला बसावं लागेल," नटेसन म्हणाला. "उठेल का तो?"

"मी उठवते," तैयलनायकीनं पदरानं नाक पुसलं. "आणि तू झोपून राहिलास, तर तुझंही दार वाजवते."