दोन बोटांचा समास

"बाई, माह्या मायचं पुस्तक झालं का तुमचं?"

मंगळवारी सकाळी अकोल्याहून फोन आला तेव्हा ते पुस्तक माझ्या टेबलावरच होतं. म्हणजे त्याची पानं होती. पाठ नव्हती, पुठ्ठा नव्हता. रबर लावलेले सुट्या पानांचे दोन गठ्ठे, कडा अगदी सरळ. मी म्हणाले, "झालं मावशी. बाइंडिंगले टाकून राहिली. नवंकोरं करून आणून देते."

"नवं कराले कोनं सांगतलं तुमाले? जसं नेलं तसं आना. शुक्रवारी माही मोठी बहीन येऊन राहिली. तिले आता दिसत नाही. मायनं बाजूबाजूनं लिहेल तिले वाचून दाखवाचं हाये. मायचं अक्षर आमच्याजवळ दुसरं कोठीच नाही."

मी फोन कानाला लावून पानांवरून बोट फिरवलं. छापील मजकूर, आणि मजकूर संपला की लगेच कागद संपत होता. बाजूचा समास नव्हताच. तो मी गेल्या शुक्रवारी कापून टाकला होता. तरी मी म्हणाले, "हो मावशी, शुक्रवारी आणते." खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, घाई आणि राग या माझ्या दोन सख्ख्या बहिणी आहेत, खोटं ही त्यांचीच धाकटी.

मी पंधरा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मग नोकरी सोडली आणि अमरावतीच्या राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या खालच्या दोन खोल्यांत पुस्तकं छापायला लागले. कुणी न छापणारी जुनी कथांची पुस्तकं, मागे पडलेले अभिजात ग्रंथ आणि त्यांतल्या गोष्टींवर मी स्वतः काढलेली चित्रकथांची पुस्तकं. नातेवाईक म्हणाले, "टीचर, त्याच्याहून गिला वडा विका. दोन तासात गाडी खाली होते." मी त्यांच्याशी भांडले आणि घडीचं टेबल घेऊन शाळाशाळांत हिंडायला लागले. चित्रकथा पुढे मांडायच्या, जाड पुस्तकं मागे. पोरं चित्रांसाठी यायची, आणि त्यांना न्यायला आलेले आजी-आजोबा मागच्या रांगेशी रेंगाळायचे. एवढीच माझी जाहिरात. पण ती चालायची.

अकोल्याच्या एका शाळेत अशीच ही मावशी नातीला घ्यायला आली. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, पांढरं पातळ, काखेत छत्री. माझी चित्रकथा तिनं शेवटपर्यंत वाचली आणि टेबलावर आपटली. "खऱ्या गोठीत म्हातारी मरत नाही. तुमच्यात कोनं मारली तिले?"

मी म्हटलं, गोष्ट मी तोंडी ऐकलेली आहे, मूळ पुस्तक कुठं मिळत नाही.

"माह्या घरी हाये," ती म्हणाली.

खरंच होतं. लोककथांचं मोठ्या आकाराचं जाडजूड पुस्तक, ज्याची एक तरी प्रत मी चार वर्षं शोधत होते. ग्रंथालयांत नाही, रद्दीत नाही. तिची माय जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. पोरींच्या पाटीवरून अक्षरं शिकली आणि मग सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या बायांना जमवून या पुस्तकातली एकेक गोष्ट वाचून दाखवायची. वाचून झालं की समासात शिसपेन्सिलीनं त्या दिवसाचं काहीबाही लिहून ठेवायची. मावशीनं मला एक जागा दाखवलीही होती: "आज पाचजनी. एकीचं लेकरू रडलं. चहा झाला." मी हसून मान डोलावली होती. माझे डोळे छापील मजकुरावर होते. पुस्तक माझ्या हातात देताना तिनं एवढंच म्हटलं, "जसं नेता तसं आना." मी शपथेवर हो म्हटलं.

आता गेल्या शुक्रवारचं सांगते. एका वकिलांकडून कागद आपोआप ओढून घेणारा स्कॅनर मी चार दिवसांसाठी मागून आणला होता. शाळा उघडायच्या आत पुस्तक आणि त्याच्यावरची चित्रकथा तयार हवी होती, आणि एकेक पान उलटून फोटो काढायचा मला धीर नव्हता. पण त्या यंत्राला सुटी पानं लागतात आणि आपल्या ऑफिसच्या कागदाहून रुंद पान ते घेत नाही. या पुस्तकाचं पान रुंद होतं, समासच दोन बोटांचा. मी पुस्तक उचललं आणि आमच्या बाइंडरकडे नेलं. बाइंडर चाचा चाळीस वर्षं त्या एका कटिंग मशीनसमोर उभे आहेत. त्यांनी पुस्तकाची पाठ कापली, मग गठ्ठा फिरवून मशीनमध्ये बसवला आणि थांबले.

"मॅडम, बाजूको लिखेला है कुछ. काटना क्या?"

"काटो चाचा."

त्यांनी एक पान उचलून चष्म्याजवळ नेलं. "किसी ने रोज बैठ के लिखेला दिखता. सोच लो."

"सोच लिया! ते स्कॅनमध्ये घाण दिसते," मी म्हणाले. त्या अक्षराला मी घाण म्हणाले. हे लिहितानाही कान गरम होतात. माझ्या मनात असं होतं, की शेवटी नवा पुठ्ठा, नवी शिवण करून दिली की म्हातारी खूश होईल. आमच्या धंद्यात हा आजारच आहे. आम्हाला जुनं पुस्तक वाचवायचं असतं, आणि वाचवणं म्हणजे मजकूर काढून घेणं, एवढंच आम्हाला कळतं. चाचांनी दांडा ओढला. पट्ट्या खाली पोत्यात पडल्या.

फोन ठेवल्यावर मी गाडी काढली. चाचांच्या दुकानात गेले तर मशीनखालचं पोतं रिकामं. कात्रण सोमवारी उचललं होतं.

"कुठं गेलं?"

"बडनेरा रोड के गोदाम में. वहां से बुधवार सुबह ट्रक निकलता, कागद कारखाने को. लगदा होता फिर."

मी त्यांच्यावर ओरडले. का सांगितलं नाही, का ठेवलं नाही, तुम्ही जाणते माणूस ना! चाचा शांतपणे म्हणाले, "दो बार पूछा था मॅडम." मग त्यांनी शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि माझ्या मागे गाडीवर बसले. भर मे महिन्यात, दुपारी बाराला.

गोदामात टिनाच्या छपराखाली पोत्यांची भिंत होती. मालक म्हणाला, ट्रक आज पाचपर्यंत भरून होईल, उद्या सकाळी निघेल, पाहा काय पाहाचं ते. सगळ्या छापखान्यांचं कात्रण तिथं येतं: लग्नपत्रिका, गाइडं, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं. एकेक पोतं उपडं करायचं, हात घालायचा आणि चहात बुडवल्यासारखा रंग शोधायचा. पंखा लावायची सोय नाही, कारण पट्ट्या उडतात. घामानं कागद हाताला चिकटत होता. दोन वाजेपर्यंत काही नाही. तीनला ट्रक येऊन दाराशी उभा राहिला आणि त्याच्या क्लीनरनं आम्ही पाहिलेली पोती चढवायला सुरुवात केली. न पाहिलेलीही त्यातच जातील, या भीतीनं मी त्याच्याशी भांडले, मग हात जोडले, मग पुन्हा भांडले. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

चारच्या सुमाराला चाचा म्हणाले, "ये देखो."

एक जुडगा होता, जसा मशीनखालून पडला तसाच, पट्ट्या एकमेकींना धरून. मग आणखी एक. मग सुट्या, चुरगळलेल्या. शेवटची चार पोती आमच्या डोळ्यांसमोर ट्रकवर गेली. ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता.

पुस्तकाची पानं एकशे चोपन्न. पट्ट्या मिळाल्या एकशे छत्तीस.

बुधवार आणि गुरुवार मी चाचांच्या दुकानात बसून होते. वरूडच्या संत्र्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पट्ट्या, समोर पानं. कुठली पट्टी कुठल्या पानाची, हे ओळखायचं कसं? मी अक्षरं जुळवत होते आणि चुकत होते. चाचांना मराठी हस्ताक्षर लागत नाही, पण ते माझ्या दुप्पट वेगानं जुळवत होते. "अक्षर मत देखो मॅडम, कीड़े का छेद देखो. कीड़ा सीधा जाता." कसरीनं केलेलं भोक पानातून समासात जसं गेलं होतं, तसंच लावलं की पट्टी बसायची. मग पातळ कागदाची चिंधी, खळ, वर वजन. पुढचं पान.

तेव्हा मी ते लिखाण पहिल्यांदा वाचलं. "आज जिन बंद." "आज भाकर करपली, सासू बोलली नाही." "मोठीनं आज माझ्याआधी वाचलं." काही ठिकाणी माझी सुरी शब्दाच्या मधून गेली होती, अर्धा काना इकडे, अर्धा तिकडे. छापील गोष्टींचं स्कॅन मी तीनदा तपासलं होतं, आणि हे एकदाही वाचलं नव्हतं.

गुरुवारी रात्री चाचांनी पाठ पुन्हा शिवून पुठ्ठा चढवला. शुक्रवारी पहिल्या बसनं निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत काय बोलायचं ते पाठ करत होते. कसर लागली होती, कडा मोडत होत्या, म्हणून दुरुस्ती केली. बरं वाटत होतं ऐकायला. अकोल्याला उतरले तेव्हा ते पक्कं झालं होतं.

मोठी बहीण दिवाणावर बसली होती, डोळे उघडे पण नजर भलतीकडे. मावशीनं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पान उघडलं, तळवा फिरवला, आणि बोट बरोबर जोडावर थांबलं. वरून खाली नेलं. दुसरं पान. तिसरं.

"हे काय जोडलं वं इथं? सगळ्याच पानाइले?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. ते आंधळं बोट अजून जोडावरच होतं.

"मी कापलं," मी म्हणाले. "यंत्रात बसत नव्हतं म्हणून समास कापला. फेकला. मग रद्दीतून काढून आणला. अठरा पट्ट्या नाही भेटल्या."

बाहेर कुणाच्या तरी कूलरमध्ये पाणी ओतल्याचा आवाज आला. मग मावशीनं चष्मा लावला आणि वाचायला लागली. एकेक पान, फक्त बाजूचं. मोठी ऐकत होती. जिथं पट्टी नव्हती तिथं मावशी थांबायची आणि मोठी डोकं एका बाजूला करून वाट पाहायची. तीन जागी तिला आठवलं, तिनं सांगितलं. बाकीच्या जागी नाही आठवलं.

"अठरा पानं," शेवटी मावशी म्हणाली. "माह्या मायचे तेवढे दिवस नेले तुमी."

मी म्हटलं, मी हे पुस्तक छापत नाही. तेवढ्यानं सुटका होईल असं वाटलं असावं.

"काहून? गोठी काय माह्या बापाच्या हायेत? छापा. पोराइले वाचाले पायजे. पन मायचं बाजूचं छापाचं नाही. ते आमचं हाये."

पुस्तक छापलं. समास दोन बोटांचा ठेवला, मोकळा. छापखानेवाला म्हणाला, टीचर, कागद वाया चालला, अक्षर थोडं बाहेर सरकवा, सोळा पानांचा एक फर्मा वाचेल. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. चित्रकथेतही शेवट बदलला. म्हातारी आता मूळ गोष्टीत जगते तशी जगते. शाळेत पुस्तक मांडलं की कुणी ना कुणी विचारतंच, एवढी जागा का सोडली. मी सांगते, लिहायला.

पहिली प्रत मावशीला द्यायला गेले. तिनं उलटसुलट पाहिली, वास घेतला, म्हणाली, "बरं झालं." मग नातीच्या दप्तरातून शिसपेन्सिल काढली आणि पहिल्या गोष्टीशेजारी सावकाश काहीतरी लिहिलं. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"हे तुमच्याजवळ राहू द्या."

मी ते बस स्टँडवर उघडलं. नर्सचं अक्षर, सुटं आणि स्वच्छ.

"आज अमरावतीची बाई आली. तिनं मायचं पुस्तक कापलं होतं. तेव्हा तिले वाचाले वेळ नव्हता. चहा घेऊन गेली."