कपाटाचा निरोप

नवऱ्याकडून गाडी चालवायला शिकू नये. हे मला अमेरिकेत, एडिसनला आल्यावर तिसऱ्याच शनिवारी कळलं, एका हायस्कूलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. तो 'ब्रेक' असं तीनदा म्हणाला आणि मी तिन्ही वेळा ॲक्सिलरेटर दाबला. एक कचऱ्याचा डबा आडवा झाला. मग त्याने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, आणि तो श्वास मला शिवीपेक्षा जास्त झोंबला. मी किल्ली त्याच्या मांडीवर टाकली, दार आपटलं आणि मैदानाच्या कडेच्या लोखंडी पायऱ्यांवर जाऊन फुगून बसले. समोर सव्वीस पुरुष एकमेकांच्या अंगावर पडत होते. त्या क्षणी मला ते फार बरं वाटलं.

हा दोन हजार चारचा उन्हाळा. मी डिपेंडंट व्हिसावर आले होते, म्हणजे नवऱ्याने मॅनहॅटनला जाऊन काम करायचं आणि मी घरी बसून त्याच्यावर अवलंबून राहायचं, असं अमेरिकन सरकारने लेखी ठरवून दिलं होतं. पुण्यात मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतलेल्या बाईला दिवसभर एकाच माणसाच्या चुका काढायला मिळाल्या की त्या माणसाचं काय होतं, ते नवऱ्याला विचारा. त्यामुळे पुढच्या शनिवारी मी खेळ बघायला जाते म्हणाले, तेव्हा त्याने एकही प्रश्न विचारला नाही. उलट स्वतःच सोडायला आला, आणि दुसऱ्या हाफपर्यंत तोही ओरडायला लागला होता.

खेळाचं नाव रग्बी लीग. नियम समजायला अवघड जातील असं वाटलं होतं, पण कबड्डी बघत मोठ्या झालेल्या माणसाला त्यात अवघड काही नाही. एकाने चेंडू घेऊन घुसायचं, समोरच्यांनी त्याला धरून आडवं करायचं. आडवा झालेला उठतो, चेंडू टाचेखालून मागे सारतो, दुसरा तो उचलून पुन्हा घुसतो. सहा वेळा आडवे झालात की चेंडू समोरच्यांना. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले काका पहिल्यांदा आले तेव्हा दहा मिनिटं डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे सहा चेंडूंची ओव्हर, आणि प्रत्येक चेंडूला एक अपघात." त्यांना खेळ कळला होता.

हे काका मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. नागपूरच्या एका बँकेतून निवृत्त, आणि बँकेपेक्षा जास्त बँकेच्या कर्मचारी संघटनेत रमलेले. मुलगा आणि सून सकाळी गाड्या घेऊन बाहेर पडले की काका आणि काकू दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघायचे. मी त्यांना शनिवारी घेऊन जाऊ लागले. संघाचे एकूण प्रेक्षक पंधरा, त्यात एक कुत्रा आणि चार आम्ही. काकू मध्यंतरात खेळाडूंना बेसनाचे लाडू वाटायच्या. सुरुवातीला त्या पोरांनी ते हातात घेऊन वास घेतला, एकमेकांकडे बघितलं. जुलैपर्यंत कोणाला दोन मिळाले आणि कोणाला एकच, यावरून त्यांच्यात भांडणं होत होती.

त्या संघात कोणी अग्निशमन दलातला होता, कोणी शिक्षक, दोघं ऑस्ट्रेलियन होते जे आठवडाभर एका बारमध्ये काम करायचे. आणि एक होता ज्याला आम्ही कपाट म्हणायचो. खरं नाव आम्हाला माहीत होतं, पण ते त्याला शोभत नव्हतं. तो फरशांच्या गोदामात माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायचा आणि बघून असं वाटायचं की फोर्कलिफ्ट बंद पडली तरी गोदामाचं काही अडत नसेल. त्याच्या खेळात एकच कल्पना होती: चेंडू घ्यायचा आणि समोर जिथे सगळ्यात जास्त माणसं उभी असतील तिथे जायचं. बाजूला रिकामी जागा असली तरी तो तिकडे बघायचासुद्धा नाही. माझा नवरा म्हणायचा, यार, ह्याला कोणीतरी मॅप द्या. मला मात्र तो भयंकर आवडायचा. ज्या घरात साधं 'आज भाजी नको' हेही आईला आत्याच्या मार्फत कळवायचं असतं, तिथे वाढलेल्या बाईला असा माणूस का आवडतो, हे फोड करून सांगायला नको.

ऑगस्टमध्ये मला लायसन्स मिळालं. मग मी बुधवारच्या सरावालाही जायला लागले, एकटी, गाडी घेऊन, शेजारच्या सीटवर काकूंचा लाडवांचा डबा.

सीझन संपायला दहा दिवस उरले असताना कळलं की दोघं ऑस्ट्रेलियन परत जाणार, व्हिसा संपला. बाकीचे प्रेक्षक चकित झाले. हे इतके चांगले खेळतात, मग यांना का घालवतायत, असं विचारत राहिले. आम्हा चौघांना काही समजावून सांगावं लागलं नाही. नवऱ्याने तर मनापासून विचारलं की त्यांनी एक्स्टेन्शन फाइल केलं होतं का.

काकांच्या अंगात मात्र वीज संचारली. चाळीस वर्षांत त्यांनी शिपायापासून झोनल मॅनेजरपर्यंत कोणालाही शाल, श्रीफळ आणि मानपत्राशिवाय बँकेतून बाहेर पडू दिलं नव्हतं. शेवटच्या सामन्यानंतर मैदानावर बार्बेक्यू होता, त्यात अर्धा तास आपला, हे त्यांनी संघाच्या कोचकडून परस्पर कबूल करून घेतलं. कोचला कशाला हो म्हणतोय याची कल्पना नव्हती. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून शाली आल्या, नारळ आले. मानपत्रं इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर काका मराठीत सांगणार आणि मी भाषांतर करणार. त्यांचा मजकूर बँकेच्या मुशीतला होता. आपल्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होत आहे, वगैरे. मी म्हणाले, काका, हे आपण माणूस वारल्यावर म्हणतो. ते म्हणाले, बदली झाल्यावरही म्हणतो.

त्या शेवटच्या बुधवारी मी कुंपणाशी डबा घेऊन उभी होते आणि कपाट घाम पुसत आला. लाडू घेतला, पण खाल्ला नाही. म्हणाला, ॲरिझोनात त्याचा भाऊ घरांची छपरं घालायचा धंदा करतो, तो तीन आठवडे मागे लागलाय की तिकडेच ये. इथे त्याचं तसं कोणी नाही. गोदाम आहे आणि हा संघ आहे. भावाला हो म्हणावं की नाही, ते कळत नाही. मग त्याने मला सरळ विचारलं, "तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मला चांगलं माहीत होतं. त्याने जाऊ नये. तो गेला तर माझा शनिवार नुसता गाडी पुसायचा वार होणार होता. मी म्हणाले, "इट्स अप टू यू."

यात माझ्या एकटीचा दोष नाही, निदान तेव्हा मला तसं वाटलं. आमच्याकडे मोठ्या गोष्टीवर मत देत नाहीत. मी अमेरिकेला निघाले तेव्हा बाबा विमानतळावर शेवटचं वाक्य बोलले ते 'स्वेटर वरच ठेवलायस ना' हे. आई तेवढंही बोलली नाही. तिने भाकरवड्यांचा पुडा पर्समध्ये कोंबला आणि पर्सची चेन लागेना म्हणून माझ्यावर चिडली. त्या दोघांना काय म्हणायचं होतं ते मला समजलं होतं. अडचण अशी की कपाट पुण्यात वाढलेला नव्हता.

घरी येऊन मी काकांना सांगितलं. त्यांनी लगेच तोडगा काढला. तिसरी शाल आणायची. त्याचाही सत्कार करायचा, म्हणजे आपल्याला तो किती हवाय हे त्याला कळेल. "एकदा चारचौघांत मान मिळाला ना पोरी, की माणसाचं पाऊल निघत नाही," काका म्हणाले. "फक्त त्याच्या मानपत्रात जाण्याबिण्याचं काही नको. तू इथेच राहा, असं स्वच्छ लिही."

स्वच्छ लिहायला बसले आणि अडकले. पहिली दोन मानपत्रं तासाभरात झाली होती. तिसऱ्यासाठी मी पहिल्याची कॉपी केली, वरचं नाव बदललं आणि म्हटलं आता मधला मजकूर बदलते. 'प्लीज डोन्ट गो' असं टाइप केलं. खोडलं. एका परक्या पुरुषाला, लेखी, तेही फ्रेममध्ये. 'वुई होप यू विल स्टे' केलं, तेही मला अंगावर आल्यासारखं वाटलं. तिसरं वाक्य इतकं सभ्य झालं की त्यात काहीच उरलं नाही, म्हणून तेही खोडलं. मग मी उठून कुकर लावला. शुक्रवारी दुपारी नवऱ्याचा ऑफिसातून फोन आला, की पाच मिनिटांत मीटिंग आहे, प्रिंट काढायच्या असतील तर फाइल आत्ता मेल कर. मी जशी होती तशी पाठवली. मधला मजकूर बदलायला विसरले, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. विसरले नव्हते. मला ते लिहिणं टळलं म्हणून हायसं वाटलं होतं. नवरा येताना तिन्ही मानपत्रं फ्रेम करून, रंगीत कागदात गुंडाळून घेऊन आला.

शनिवारी संघ हरला, पण ते सवयीचं होतं. बार्बेक्यूच्या धुरात काकांनी एका घडीच्या टेबलावर काकूंची पैठणीच्या काठाची चादर पसरली आणि प्रास्ताविक सुरू केलं. प्रास्ताविकात नागपूरची बँक होती, कबड्डी होती, भारत आणि ऑस्ट्रेलियाची मैत्री होती. खेळाडू हातात बर्गर घेऊन आज्ञाधारकपणे उभे होते. पहिल्या ऑस्ट्रेलियनाला शाल घातली, नारळ दिला, कागद फाडून मानपत्र वाचलं. पोकळीपाशी आल्यावर कोणीतरी हसलं. दुसऱ्याचं मानपत्र वाचताना पोकळीचं वाक्य आल्यावर संपूर्ण संघाने ते काकांबरोबर एका सुरात म्हटलं. काकांना वाटलं, ही दाद आहे. तशी ती होतीच.

मग कपाटाचं नाव पुकारलं. तो पुढे आला, शाल त्याच्या खांद्यांना पुरेना, नारळ त्याने सवयीने चेंडूसारखा बगलेत धरला. काकांनी कागद फाडला आणि वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला मला त्यांच्या आवाजात फरक कळला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदाच बघितलं. पण चाळीस वर्षं मानपत्रं वाचलेला माणूस मध्ये थांबत नाही, आणि मी ओरडून थांबवायला हवं होतं तेव्हा मी टेबलावरच्या चादरीची सुरकुती सरळ करत होते. आपण आमच्यातून निघून जात आहात. जिथे जाल तिथे यश मिळवाल. संघाने पोकळीचं वाक्य याही वेळी मोठ्याने म्हटलं, आधीच्यापेक्षा मोठ्याने, कारण तो त्यांचा सगळ्यात लाडका होता.

मनोगत व्यक्त करा, असं काकांनी त्याला कसंबसं सांगितलं. त्याने फ्रेमची काच जर्सीला पुसली. मग म्हणाला की तो तीन आठवडे ठरवू शकत नव्हता. कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून वाट बघत होता. आता सगळ्यांनी मिळून सांगितलंय, आणि इतक्या चांगल्या शब्दांत त्याला आजवर कोणी काही सांगितलेलं नाही. टाळ्या वाजल्या. बाकीच्यांना वाटलं, त्याचं आधीच ठरलेलं असणार, नाहीतर ही इंडियन मंडळी एवढी तयारी कशाला करतील. मीही टाळ्या वाजवल्या. माझे हात आपोआप वाजत होते आणि मला स्वतःची किळस येत होती.

काका खुर्चीवर बसले ते उठेनात. काकू मला म्हणाल्या, जा, सांग त्याला. मी मैदान ओलांडून पार्किंगमध्ये गेले. तो त्याच्या ट्रकला टेकून उभा होता, शाल गळ्याभोवती गुंडाळलेली, फोन नुकताच खिशात ठेवत होता. मी एका श्वासात सांगितलं. चूक झाली, माझी झाली, त्या कागदावर दुसरंच लिहायचं होतं. त्याने विचारलं, काय लिहायचं होतं.

"डोन्ट गो," मी म्हणाले. दोनच शब्द होते. म्हणताना काहीही झालं नाही, आकाश कोसळलं नाही, कोणी वळून बघितलं नाही. मी आणखी एकदा म्हटलं.

तो खाली बघून थोडा हसला. भावाला आत्ताच फोनवर हो सांगितलं, म्हणाला. भाऊ फोनवर रडला, आता त्याला नाही कसं म्हणू. मग त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला नव्हता. गोदामात कुठली फरशी कुठे ठेवलीय हे सांगावं तसं त्याने मला सांगितलं.

"बुधवारी म्हणाली असतीस ना, तर राहिलो असतो."