पुंजारामचा बिल्ला कुठे गेला

पुंजाराम लंकेला जाऊन आला, यावर आमच्या कॉलनीत कोणाचाच विश्वास नव्हता, आणि तो बसू नये म्हणून मी माझ्याकडून होईल तेवढं केलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागून कोणीतरी सांगेलच.

पुंजाराम म्हणजे एसटीतला निवृत्त कंडक्टर. नाशिक-नांदगाव, नाशिक-कळवण, अशा गाड्यांवर एकतीस वर्षं काढलेली. बुटका, मिशी काळी केलेली, बायको वारल्यापासून एकटा. घरात बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धमूर्ती आणि बाजूच्या खिळ्याला त्याचा पितळी बिल्ला. तो बिल्ला दर रविवारी ओट्यावर बसून चिंचेनं घासायचा. बायको होती तेव्हा म्हणायची, "माझी जोडवी काळी पडली तरी चालतील, याचा बिल्ला पिवळा पाहिजे."

गेल्या वर्षी जूनमध्ये हा गडी घराला कुलूप लावून गेला आणि सतरा दिवसांनी तव्यासारखा होऊन परत आला.

"कुठे होतास रे?"

"लंकेला. अनुराधपूरला. बोधिवृक्ष बघितला."

"किती लागले?"

"विमानासकट तीस हजाराच्या आत."

इथे माझे कान उभे राहिले. टूरवाले त्याच सहलीचे ऐंशी हजार मागत होते. मी त्याला चहाला बोलावलं आणि सोलायला बसलो. राहिलास कुठे? म्हणे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, चटईवर. खाल्लंस काय? म्हणे ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला तिथले लोक रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालतात. नारळाच्या दुधातली डाळ, फणसाची भाजी, भात. एका मांडवात तर आइस्क्रीम वाटत होते.

"फुकट?"

"फुकट. फक्त रांगेत उभं राहायचं."

परक्या मुलखात, ओळख ना पाळख, आइस्क्रीम. मी बशीतला चहा तसाच ठेवला.

"फोटो दाखव."

"फोन दुसऱ्याच दिवशी समुद्रात पडला."

"बरं, गाडीची तिकिटं तरी असतील."

"नाहीत. मी कुठे बसलो होतो? दारात उभा राहून माणसं भरत होतो. तिथल्या कंडक्टरनं पैसेच घेतले नाहीत."

आता सांगा, जन्मभर तिकिटं फाडलेला माणूस सतरा दिवस हिंडतो आणि खिशात एक तिकीट नाही. त्यात भिंतीवरचा खिळा रिकामा. बिल्ला कुठे गेला विचारलं तर म्हणे, "दिला एकाला. आपल्यातल्याच." आपल्यातला म्हणजे कोण, ते सांगेना. मी मनात म्हटलं, भंगारवाला.

पासपोर्टवरचा शिक्का दाखवला असता तर प्रश्न मिटला असता. पण पुंजारामला कोणी विचारलेलं खपत नाही. "एकतीस वर्षं मी लोकांना विचारलं," तो म्हणाला. "मला विचारायचं नाही." आणि उठून गेला.

त्याच आठवड्यात आमचा रिक्षावाला समाधान म्हणाला की जूनमध्ये सटाण्याच्या स्टँडवर एक माणूस पुंजारामसारखा चालताना दिसला. सटाण्याला पुंजारामची बहीण असते. 'सारखा चालताना' हे मी पहिल्या घरी सांगितलं. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत पुंजाराम सतरा दिवस बहिणीच्या ओट्यावर कांदे निवडत बसला होता. त्यात माझा हात किती आणि शेजाऱ्यांचा किती, ते सोडून द्या.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पण नवीन वर्ष लागलं आणि मध्ये लताबाई आल्या.

लताबाई महापालिकेच्या शाळेत शिपाई होत्या. वय सदुसष्ट, डावा गुडघा संपलेला. डॉक्टरनं दिवाळीनंतरची तारीख दिलेली आणि बजावलेलं, की नवीन गुडघा बसला की जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत. लताबाईंच्या मनात एकच होतं. संघमित्रेनं इथून लंकेला नेलेल्या बोधीच्या फांदीचं झाड जिथे आहे, तिथे जमिनीला गुडघे टेकून एकदा पंचांग प्रणाम करायचा. म्हणजे येत्या जूनमध्येच जायला हवं, नाहीतर कधीच नाही. गाठीला पस्तीस हजार. टूरवाल्यांकडे त्यात अर्धी वाटसुद्धा होत नव्हती. उरला पुंजाराम.

पण त्यांचा मुलगा बुद्धभूषण आडवा आला. "आई, ज्या माणसाकडे सतरा दिवसांचं एक तिकीट नाही, त्याच्या भरवशावर तुला समुद्रापलीकडे पाठवू?"

वाक्य ऐकून मला जरा कसंतरी झालं, कारण ते माझंच होतं. जसंच्या तसं.

लताबाई माझ्या दारात आल्या. बसल्या नाहीत, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. "आबा, तुम्ही म्हणता पुंजारामभाऊ सटाण्याला होते. मग चला सटाण्याला. त्यांनाही घेऊन. बहिणीच्या तोंडूनच ऐकू."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. पुंजारामला तयार करणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. तो म्हणाला, "मला विचारू नका, सिंधूला विचारा. मी फक्त गाडीत बसवून नेतो."

मार्चमधला रविवार होता. गाडीत लताबाईंना बाई म्हणून अर्धं तिकीट, मला पंच्याहत्तरी उलटल्यामुळे फुकट, आणि पुंजारामनं पूर्ण तिकीट काढलं. ते दोन वेळा वाचून घडी घालून खिशात ठेवलं. मी म्हटलं, "आपल्या देशात फुकट कोण फिरतंय, बघतोयस ना?" तो बसलाच नाही. सगळा रस्ता दाराजवळ दांडा धरून उभा.

देवळ्याला गाडी थांबली. लताबाई स्वच्छतागृहाकडे गेल्या. त्यांच्या गुडघ्यानं जायलाच पाच मिनिटं. मी आत उसाचा रस पीत खिडकीतून बघत होतो. कंडक्टरनं बेल मारली. बघतो तर पुंजारामचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर.

"काका, आत या नाहीतर खाली उतरा," कंडक्टर म्हणाला.

"एक पॅसेंजर खाली आहे."

"उशीर झालाय गाडीला."

"झालाय ना. अजून होईल. एक पॅसेंजर खाली आहे."

ड्रायव्हरनं इंजिन रेस केलं, मागून लोकांनी ओरडा केला. पुंजाराम पाय काढेना. लताबाई लांबून हे सगळं बघत, कमरेवर हात ठेवून, आपल्याच गतीनं येत होत्या. त्या चढल्या तेव्हा त्यानं आमच्याकडे बोट करून पुटपुटत मोजलं, "एक, दोन आणि मी," आणि मग कंडक्टरला म्हणाला, "मार आता डबल बेल."

सटाण्याला सिंधुबाईनं भावाला बघितलं आणि हातातला विळा खालीच ठेवला नाही. मला विषय काढायची गरजच पडली नाही.

"ऊना का भाऊ? दोन वरीसमा एक दिन ऊना नही. लंकाले गया, पन बहिनले भेटाले सटाणाले येवाले टाईम नही. काय लांब शे का सटाणा?"

पुंजाराम मान खाली घालून कांद्याची पात तोडत बसला. लंकेला जाऊन आलेला माणूस सटाण्यात असा बसतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. पण माझा स्वभाव. परत येताना मी लताबाईंच्या कानात म्हटलं, "सख्खी बहीण आहे. भावानं आधी फोन करून पढवलं असेल."

लताबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आबा, ते लंकेला गेले का नाही, ते आता मला नाही बघायचं. मी खाली असताना गाडी हलत नाही, एवढं मी देवळ्याला बघितलं."

बुद्धभूषणला हे त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यानं माझ्याकडे सल्ला मागितला. मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "मला काही माहीत नाही." त्यानं एकच अट घातली, की सोबत अजून एक बाई हवी. सिंधुबाईला फोन गेला. ती एका पायावर तयार झाली, म्हणाली, "नेस ते चाल." जूनमध्ये तिघं निघाली, रेल्वेनं चेन्नई, पुढे विमान.

आठ दिवस मी काय काय विचार केले ते सांगत नाही. विमानतळावरूनच परत येतील. दोन्ही बायका चटईवर आजारी पडतील. आइस्क्रीमचा मांडव नसेलच, आणि लताबाई मला रांगेतून फोन करून शिव्या देतील.

पौर्णिमेच्या दुपारी बुद्धभूषण धावत आला आणि फोन माझ्या हातात दिला. पहिल्या फोटोत लताबाई. पांढरं लुगडं, समोर सोनेरी कठडा, वर झाडाची पानं, दोन्ही गुडघे, दोन्ही हात, कपाळ जमिनीला. चेहरा दिसत नव्हता. बुद्धभूषण म्हणाला, "उठायला दोघांनी धरावं लागलं म्हणे." मग त्यानं माझ्याकडे पाठ केली.

दुसऱ्या फोटोत एक लाल गाडी, आपल्यासारखीच. दारात एक काळासावळा, दात दाखवत हसणारा कंडक्टर, त्याच्या शेजारी दांडा धरून पुंजाराम. कंडक्टरच्या छातीवर पितळी बिल्ला. मी बोटांनी फोटो मोठा केला. नंबर मला पाठ आहे. इतके रविवार तो ओट्यावर माझ्यासमोरच घासला गेलाय. तोच होता. घासलेलाही दिसत होता.

फोटोखाली लताबाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. "आबांना सांग, हा पोरगा भाऊंना बघून गाडीतून उतरून आला. पैसे नको म्हणतोय. आणि आइस्क्रीम खाल्लं, गुलाबी होतं."

मी लगेच चप्पल घातली. आपण घातलेलं आपणच निस्तरावं म्हणून घरोघर सांगत सुटलो, की बाबांनो, पुंजाराम खरोखर लंकेला गेला होता, बिल्ला तिथे आहे, मी डोळ्यांनी बघितला.

पहिल्याच घरी भागीबाईंनी पोळी लाटता लाटता मला नीट न्याहाळलं.

"आबा," त्या म्हणाल्या, "तुम्हीच तर म्हणाला होता तो सटाण्यात होता. पुंजारामनं तुम्हाला काय दिलं?"

दोन दिवसांत ते सगळ्या कॉलनीला माहीत झालं, की पुंजारामनं मला काहीतरी दिलंय. काय दिलं यावर मात्र अजून एकमत नाही.