दुसऱ्यांची मतं लिहिणाऱ्या बाई

त्या रविवारी मी एक चिठ्ठी नाटकी आवाजात वाचली आणि साठ माणसांना हसवलं. ती चिठ्ठी हसण्यासारखी नव्हती. माझा मूर्खपणा एवढाच. पण तो ज्यांच्या वाट्याला आला, त्या बाईंबद्दल सांगायचं आहे.

हैदराबादेत गौलीगुड्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही पडद्यावर काहीतरी दाखवतो. ते संपलं की प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव घालायचं नाही आणि चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मग मी त्या सगळ्या माईकवरून वाचतो. कल्पना अर्थातच माझी. सिकंदराबाद स्टेशनवर तिकीट खिडकीच्या काचेआडून मी छत्तीस वर्षं बोललो, कुणाला धड ऐकू गेलं नाही. त्याचा सूड निवृत्तीनंतर माईकवरून घेत होतो.

अडचण एकच होती. आमच्याकडची चाळिशीच्या आतली मंडळी मराठी बोलतात फर्मास, पण लिहायला सांगा, लगेच कुणाला तहान लागते, कुणाला फोन येतो. त्यांच्यासाठी कोपऱ्यातल्या टेबलाशी बाई बसायच्या. वय सत्तरीच्या पुढे, अक्षर शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्याचं. पोरं येऊन त्यांच्या कानाशी वाकायची. बाई डोळे कागदावर ठेवून कान तेवढा पुढे करायच्या.

"आंटी, लिहा, हीरो एकदम बकवास."

"असंच लिहू?"

"हौ आंटी, असंच."

आणि त्या तसंच लिहायच्या. 'बकवास'चं 'सुमार' करायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "बाई, थोडं नीटनेटकं करत जा की." त्या म्हणाल्या, "तोंड त्यांचं आहे भाऊ, आपण फक्त हात."

तुमच्याही मंडळात, सोसायटीत असं एक माणूस असेल. सगळ्यांचं सगळं त्याच्या हातून जातं आणि त्याला स्वतःला काय वाटतं ते कुणीच विचारत नाही. बाईंचं स्वतःचं एकही मत आम्हाला सहा वर्षांत कळलं नव्हतं. त्या मूळच्या देगलूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. नवरा लवकर गेला, तेव्हा हैदराबादला आल्या. टेकडीवरच्या कुठल्याशा मोठ्या बंगल्यात कारभार बघायच्या, एवढीच आमची माहिती. विचारलं तर म्हणायच्या, "मोठं घर होतं. नोकर चौदा." झाली कथा.

त्या रविवारी मी एक डॉक्युमेंटरी लावली. परदेशातल्या एका गर्भश्रीमंत माणसाची. म्हणजे खरं तर त्याची नाही, त्याचं घर सांभाळणाऱ्या बाईची. तो घरी कामाला येणाऱ्या मुलींची अब्रू घ्यायचा आणि ही त्या मुली शोधून आणायची. पुढे तो मेला आणि ही पकडली गेली. संपल्यावर हॉलमध्ये जे सुरू झालं, ते भाजी मंडईतही होत नाही.

"तो तर राक्षसच. पण हिला काय झालं होतं? बाई ना ही?"

"आंटी, लिहा, हिला पहिले आत टाका, त्याला नंतर बघू."

"अरे तो मेलाय."

"मग हिला दोनदा टाका!"

"नोकरी होती हो तिची. मालकासमोर कोण बोलतं? तू बोलतोस?"

एकाने लिहवलं, "सिनेमा लांब आहे, समोसे थंड आहेत." बाईंनी तेही लिहिलं. त्या दिवशी टेबलाशी रांग लागली होती. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरातल्या.

मी वाचायला लागलो. रंगात आलो होतो. मधेच एक चिठ्ठी निघाली: "पहिल्या मुलीच्या वेळी मला माहीत नव्हतं. दुसरीच्या वेळी माहीत होतं. तरी मी तिला आत पाठवलं."

मला वाटलं, कुणीतरी वात्रटपणे त्या पडद्यावरच्या बाईच्या तोंडून लिहवलंय. मी आवाज खर्जात नेला, एक भुवई चढवली आणि सिनेमातल्या खलनायिकेसारखं थांबत थांबत वाचलं, "तरी मी तिला... आत... पाठवलं!" हॉल फुटला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मी माईकवरूनच विचारलं, "बाई, कुणी लिहवलं हो हे? नाव सांगा, त्याला एक समोसा जास्त!"

बाई पेनांना टोपणं लावत होत्या. म्हणाल्या, "नाव सांगायचं नाही असं तुम्हीच ठरवलंय ना भाऊ."

त्यावरही लोक हसले. मीही.

पुढच्या महिन्यात बाई आल्या नाहीत. पोरांच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या आणि 'बकवास'चं 'सुमार' केलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही त्या आल्या नाहीत, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. गौलीगुड्यातच, जिना चढून एक खोली. त्यांनी चहा टाकला. मी आपला नेहमीचा, "काय बाई, समोशावरून रागावलात का?"

"भाऊ, ती चिठ्ठी माझी होती."

"अहो, तुमच्याच अक्षरात होती, कळतंय मला. पण सांगितली कुणी?"

"कुणी सांगितली नाही. माझीच होती."

मग त्यांनी सांगितलं. कपाकडे बघत, एका दमात. बंगल्यात कामाला मुली त्याच आणायच्या. पहिली चार महिन्यांत न सांगता निघून गेली, तेव्हा काय ते त्यांना उमगलं. मालकाने दुसरी आणायला सांगितली. त्यांनी ओळखीतल्याच एका बाईची मुलगी आणली, एकोणीस-वीस वर्षांची. तिने एक दिवस घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आई तिला हाताला धरून बंगल्याच्या गेटवर आली आणि बाईंना विचारलं, ही म्हणते ते खरं आहे का?

"मी म्हटलं, पोरगी खोटं बोलते. कामाचा कंटाळा आहे तिला. आईने तिथंच, गेटवरच, तिच्या थोबाडीत मारली." बाईंनी आपला कप बाजूला सरकवला. "पोरगी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली."

मालक पुढे वारले. पेपरात पानभर फोटो आला. ती मुलगी आता तारनाक्याला शिवणाचं दुकान चालवते, आई तिच्याजवळच असते, हे बाईंना ठाऊक होतं. आईसमोर जाऊन खरं सांगायचं, असं दोन वर्षं घोकत होत्या. धीर होत नव्हता.

"त्या दिवशी वाटलं, आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं. लोक काय करतात बघावं. शिव्या घातल्या असत्या तर सोमवारी मी तारनाक्याला गेले असते." त्यांनी माझा कप उचलला. "लोक हसले."

बोलक्या माणसाला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, मी येतो बरोबर. त्या म्हणाल्या, नको, मला बघून ती दार लावेल, आधी पत्र द्यावं. आणि जन्मभर दुसऱ्यांचं लिहिणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "माझं मला लिहवत नाही. मी सांगते, तुम्ही लिहा."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "काळाच्या ओघात माझ्या हातून घडलेल्या अक्षम्य अपराधाने..."

"हे कोण बोलतंय?"

"तुम्हीच की."

"मी ओघात काही केलं नाही भाऊ. गेटवर उभं राहून केलं."

कागद त्यांनी फाडला. दुसऱ्या वेळी मी फक्त हात झालो. चारच ओळी. तुमची मुलगी खोटं बोलत नव्हती. मला माहीत होतं. नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोलले. बोलावलंत तर येऊन तुमच्यासमोर सांगेन. खाली त्यांनी स्वतः पूर्ण नाव लिहिलं.

मी छाती काढून म्हटलं, "असं पत्र हातानेच द्यायचं असतं. उद्याच जातो."

जिन्यापर्यंत त्या सोडायला आल्या. "बोलावेल का हो ती?"

"बोलावेल, बोलावेल," मी म्हटलं, जसं काही ते माझ्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी माझा गुडघा दुखत होता. मग नांदेडला मेहुणीकडे बारसं होतं. मग एकदा खरंच तारनाक्याला गेलो. दुकान दिसलं. आत गळ्यात टेप टाकलेली चाळिशीची एक बाई कापड कापत होती. काय बोलायचं याची बसमध्ये केलेली सगळी तयारी मी विसरलो. समोरच्या गाडीवरून डझनभर केळी घेतली आणि परत आलो. बायको म्हणाली, "आपल्याकडे केळी मिळेनाशी झाली का?" तिला काही सांगितलं नाही. आणखी एकदा गेलो, तर दुकान बंद. खरं सांगायचं तर बंद बघून बरं वाटलं.

मधे बाईंचा दोनदा फोन आला. पत्राचं काही विचारलं नाही. "बरे आहात ना?" एवढंच. मी म्हटलं, या आठवड्यात नक्की.

विसाव्या दिवशी त्यांच्या खालच्या मजल्यावरच्यांचा फोन आला. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही. झोपेतच गेल्या होत्या. अंत्यविधीला आम्ही मंडळाचे सात-आठ जण होतो. पोरं आली होती, त्यांच्याकडून चिठ्ठ्या लिहवून घेणारी. त्यातली एक मला म्हणाली, "अंकल, आंटीला काय आवडायचं हो? आम्हाला काहीच माहीत नाही."  खिशात पत्र होतं.

दुसऱ्या दिवशी मी तारनाक्याला गेलो. गुडघा दुखत होताच. ती एकटीच होती. मी पत्र पुढे केलं. तिने हात पुसले आणि उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा वाचलं. आतल्या खोलीत गेली. आतून म्हातारीचा आवाज आला, "कोणाचं गं?" तिने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते आणि पायांत चपला होत्या.

"चला, कुठं राहतात त्या? आई म्हणते, आत्ताच घेऊन ये. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय, आईसमोर."

मी म्हटलं, "त्या काल गेल्या."

तिने मग पत्र उलटसुलट करून बघितलं.

"लिहिलंय केव्हा?"

"झाले वीस-एकवीस दिवस."

"मग इतके दिवस कुठं होतं?"

गुडघा, बारसं, बंद दुकान... मी सगळं सांगायला लागलो. केळ्यांपर्यंत आलो. तिने चपला काढल्या, कात्री उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"काका, पोस्टात टाकलं असतं तर चार दिवसांत आलं असतं."