तेलाची जाळी

मी वारणानगरच्या कॉलेजात शिकवायचो. राजारामपुरीतून रोज माझ्या जुन्या डिझेल गाडीनं जायचो, सोबत तीन सहकारी असायचे. गाडी बघायचा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं छोटं गॅरेज होतं आणि माझ्यामुळं या तिघांच्याही गाड्या त्याच्याकडंच जायच्या.

एकदा चढाला गाडी दम टाकायला लागली. त्यानं ईजीआर व्हॉल्व्ह खोलून दाखवला. इंजिनचा थोडा धूर परत इंजिनात पाठवणारी ती झडप काजळीनं बुजली होती.

"दोन दिवस गाडी ठेव. सगळं खोलून हातानं साफ करतो."

"एवढा वेळ नाही रे. काहीतरी औषध ओत आणि दे."

"त्या औषधानं ही झडप साफ होत न्हाय. आणि जुन्या इंजिनात ते घालू नको गड्या. आतला गाळ एकदम सुटतोय आन् तेलाची जाळी तुंबती, मग इंजिनाला तेलच मिळत न्हाय."

मी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी हायवेवरच्या एका दुकानात इंजिनच्या तेलात ते औषध ओतून घेतलं. अर्ध्या तासात काम झालं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

चौथ्या दिवशी कोडोलीच्या अलीकडं तेलाचा लाल दिवा लागला. पहिला तास माझाच होता, म्हणून मी तशीच गाडी दामटली. मैलभरात इंजिन खडखडलं आणि जाम झालं.

मित्र एका गिऱ्हाइकाची जीप घेऊन आला. खाली सरकून त्यानं इंजिनखालची तेलाची टाकी उतरवली. जाळी काळ्या चिकट गाळानं गच्च भरली होती. सहकारी वाकून बघत होते. त्यांतला एक म्हणाला, "सर, सर्व्हिसिंग यांच्याकडंच करता ना?"

"हो. यांच्याकडंच," मी म्हणालो.

मित्रानं माझ्याकडं एकदा बघितलं, हात पुसले आणि गाडी ओढून न्यायला टोचनाची दोरी काढली.

तिघांनीही आपल्या गाड्या दुसरीकडं न्यायला सुरुवात केली. बघता बघता कॉलेजातल्या इतरांनीही. मी बघत राहिलो. पुढच्या वर्षी त्यानं गॅरेज बंद केलं आणि ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात नोकरी धरली. तिथं जाऊन मी एकदाचं खरं सांगितलं.

"मला तवाच कळलंतं," तो म्हणाला. "तेलाला त्या औषधाचा वास येत हुता की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सगळ्यांसमोर कबूल केलं. मग ज्यानं रस्त्यावर तो प्रश्न विचारला होता, त्यानं मित्राचा नंबर मागितला आणि तिथंच फोन लावला. गाडी दाखवायला आणू का, असं त्यानं विचारलं.

पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आता निस्ते ट्रॅक्टर बघतो, पावणं."