डीपी जळाली त्या सोमवारी

“मॅडम, आमचे शेअर जयले का?”

ऑफिसच्या जिन्यात वसराम राठोड उभे होते. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात मोबाईल. त्यांच्यामागे पायरी-पायरीवर आणखी माणसं. सगळे माझे ग्राहक. आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते, की जणू मीच पेटवून आले.

शेअर जळत नाहीत. कागदाचे होते तेव्हा जळायचे, भिजायचे, उंदीर कुरतडायचे. आता ती कॉम्प्युटरमधली नोंद असते. हे मी बाभुळगावात वीस वर्षं सांगत आलेय. माझं इथे छोटं ऑफिस आहे. एका मोठ्या ब्रोकरची मी सब-ब्रोकर. कागदोपत्री आता ‘ऑथराइज्ड पर्सन’ म्हणतात, पण गाव काही ते म्हणत नाही. बाजारातला व्यवहार ब्रोकर करतो. लोकांची खाती उघडणं, त्यांना ऑर्डर टाकायला शिकवणं आणि बाजार पडला की त्यांची बोलणी खाणं हा माझा विभाग. तिसरं काम सगळ्यात जास्त असतं.

त्या आठवड्यात तर फारच होतं. सीमेवर तणाव होता. टीव्हीवाल्यांनी स्टुडिओत बसल्या बसल्या सायरन वाजवून निम्मं युद्ध जिंकूनही टाकलं होतं. व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत होता, एटीएम बंद होणार, पैसे काढून घ्या. शुक्रवारी बाजार चांगलाच पडला. मग शनिवार-रविवारची सुट्टी आली, आणि मला वाटलं, चला, दोन दिवस फोन तरी वाजणार नाही.

रविवारी सकाळीच राठोडांचा आला.

राठोडभाऊ म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. राहायला बंजारा तांड्यावर, शेती थोडी, आवाज मोठा. मुलगी सोनल दातांची डॉक्टर झालेली. तिला यवतमाळात दवाखाना टाकायचा होता. गाळा ठरला होता. महिनाअखेरीला गाळ्याचं डिपॉझिट आणि पेशंटच्या खुर्चीचे पैसे द्यायचे होते. नाहीतर गाळा दुसऱ्याला जाणार होता, आणि तो दुसराही दातांचाच डॉक्टर होता. हे सगळे पैसे राठोडांच्या शेअर्समध्ये होते. हिवाळ्यातच मी त्यांना म्हटलं होतं, “क्लिनिकचे पैसे काढून ठेवा.” ते म्हणाले, “चढून राह्यलं ना मॅडम, राहू द्या.”

आता फोनवर आवाज बसलेला.

“मॅडम, कॉईन लय पडलं रात्री.”

“कुठलं कॉईन?”

“ते क्रिप्टो. थोडंसं घेतलं होतं. एका लग्नात एजंट भेटला यवतमाळचा. त्याच्या थ्रू.”

मला सांगितलं नव्हतं. लोक डॉक्टरपासून आजार आणि माझ्यापासून क्रिप्टो लपवतात.

“आज रविवार आहे,” ते म्हणाले. “रविवारीच एवढं पडलं तं उद्या शेअरचं काय होईन?”

प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून नीट उत्तर दिलं. शेअर बाजाराला शटर आहे. शुक्रवारी दुपारी साडेतीनला खाली, सोमवारी सव्वानऊला वर. क्रिप्टोला शटरच नाही. रात्र नाही, रविवार नाही, दिवाळी नाही. सुट्टीच्या दिवशी जगात काही घडलं की घाबरलेल्या माणसाला काहीतरी विकायचंच असतं, आणि सगळी दुकानं बंद असली की गर्दी त्या एका उघड्या दुकानात होते. त्यात सुट्टीच्या दिवशी घेणारे कमी. म्हणून भाव जास्त घसरतो. ते घाबरलेल्यांचं मोजमाप आहे, सोमवारचं भविष्य नाही.

“पण एजंट तं म्हणे, शेअर विका अन् कॉईन घ्या. सरकार काही झालं तरी कॉईनले हात लावू शकत नाही.”

“राठोडभाऊ, सरकार हात लावत नाही म्हणजे चोरही लावत नाही, असं कोणी सांगितलं?”

ते हसले. मला वाटलं, मिटलं.

सोमवारी सकाळी नऊच्या आधीच आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मोठा आवाज झाला आणि लाईट गेली. मे महिन्यातला आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कूलर लावून लावून ट्रान्सफॉर्मर मरतो. ऑफिसचा इन्व्हर्टर आधीच म्हातारा. मी कुलूप लावलं, खाली झेरॉक्सचं दुकान असलेल्या संजयला सांगितलं, “येते मी,” आणि वीज कंपनीच्या ऑफिसकडे चालत गेले. फोनवर तक्रार केली की ते ‘बघतो’ म्हणतात. समोर उभं राहिलं की खरंच बघतात.

मी तिकडे असताना इकडे ग्राहक यायला लागले. त्यांनी संजयला विचारलं, “मॅडम कुठी?”

संजयनं जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. “डीपी जयली ना. सगळं बंद हाये. मॅडम तिकडंच गेल्या.”

आता इथे दोन ओळी समजावून सांगते. गावात डीपी म्हणजे खांबावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर. शेअर बाजारात डीपी म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंट, तुमचे शेअर्स जिच्याकडे जमा असतात ती संस्था. शेअर्सची बँकच म्हणा. आणि मीच वीस वर्षं प्रत्येकाच्या डोक्यात हातोड्यानं ठोकलं होतं की तुमचे शेअर माझ्याकडे नसतात, ते डीपीकडे असतात. मी मेले तरी डीपी आहे, काळजी करू नका.

लोकांनी ते फारच चांगलं पाठ केलं होतं. डीपी जळली म्हणजे शेअर जळले. कोणीतरी त्यात शत्रूचा सायबर हल्लाही घातला. युद्धाचे दिवस, कोण कशाला शंका घेतो? मी परत आले तोवर जिना भरला होता.

मला हसू येणार तेवढ्यात राठोड म्हणाले, “माह्ये वाचले. मी ट्रान्सफर करून राह्यलो.”

हसू जागच्या जागी मेलं.

“कुठे ट्रान्सफर?”

“तो एजंट. मी त्याले फोन केला, डीपी जयली म्हणून. तो म्हणे घाबरू नका, तुमचे शेअर माह्या डीपीत घेतो, तिकडं सेफ राह्यतीन. आता ओटीपी येऊन राह्यला.” मोबाईल कानाला लावत ते म्हणाले, “हां भाऊ, चष्मा घालतो, सांगतो.”

शेअर न विकता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवता येतात. नवरा-बायकोत, बाप-लेकीत करतात. त्यासाठी मालकाच्या मोबाईलवर एक आकडा येतो, ओटीपी. तो सांगितला की मालकानं सही केली असं धरतात. पैसे न देता माल हातचा जातो, आणि मग परत मिळवायला जन्म जातो. राठोडांनी ‘बघून सांगा किती झाले’ म्हणून लॉगिन आणि पासवर्ड त्या माणसाला आधीच दिला होता. राहिला होता फक्त आकडा.

त्यांचा हात वरच्या खिशातल्या चष्म्याकडे गेला. मी तो हात धरला. बाभुळगावात, भर जिन्यात, बाईनं राठोडांचा हात धरला.

“ओढता काहून मॅडम? माह्ये जयू द्याचे का मी?”

“काही जळलेलं नाही. त्याला ओटीपी सांगायचा नाही.”

“तुमची डीपी जयली अन् तुम्ही मलेच सांगून राह्यल्या!” आवाज पार रस्त्यावर गेला. “पोरीचा दवाखाना हाये त्याच्यात!”

समजावत बसायला वेळ नव्हता. फोनमधून तो माणूस ‘अंकल, जल्दी’ म्हणत होता. मी एवढंच विचारलं, “राठोडभाऊ, नोकरीत कधी पैसे न घेता तिकीट फाडलं का?”

“कधीच नाही.”

“मग याच्याकडून काय घेतलं? त्याचं ऑफिस पाहिलं? त्याच्या डीपीचं नाव? एक कागद तरी?”

राठोड थांबले. मग त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि तीस वर्षं गाडीत वापरलेला आवाज काढला. “ओ भाऊ, तुमच्या डीपीचं नाव काय? ऑफिस कुठी? मले लेखी पाठवा पह्यले.”

पलीकडे थोडं ‘अंकल, टाइम नहीं है’ झालं. राठोड म्हणाले, “माह्याजवळ हाये टाइम. मी रिटायर हावो.” फोन कट झाला. परत लावला तर बंद.

ते पायरीवर बसले. तेवढ्यात सोनलचा फोन आला, तिलाही कुणीतरी कळवलं होतं. राठोड तिला त्यांच्या गोरबोलीत म्हणाले, “कांई छेनी, बेटी,” म्हणजे काही नाही. पण डोळे पुसत होते. तिथल्या तिथे त्यांच्याच मोबाईलवरून पासवर्ड बदलला, ब्रोकरच्या ऑफिसला फोन करून ट्रान्सफरची अर्धवट रिक्वेस्ट रद्द करून घेतली. मग अख्खी जमात घेऊन मी कोपऱ्यावर गेले. लाइनमन वर चढला होता, काळा धूर अजून निघत होता.

“ही डीपी,” मी म्हटलं. “बघून घ्या. तुमची डीपी मुंबईत आहे आणि तिथे लाईट आहे.”

सगळे हसले. एक जण तरी म्हणालाच, “पण मॅडम, मुंबईची उडाली तं?” मी सगळ्यांना परत जिन्याकडे वळवलं.

तोवर बाजार उघडला होता, तोही खालीच. ऑफिसात अंधार, म्हणून जिन्यात बसूनच मोबाईलवर काम केलं. राठोड म्हणाले, “सगळं विकून टाका.”

“सगळं नाही. क्लिनिकला लागतात तेवढेच. बाकीचे ठेवा.”

“म्हणजे बाकीचे वर येतीन?”

“येतील.”

“मग हेबी येतीन ना! कायले विकता मंग?”

हा प्रश्न मला प्रत्येक संकटात विचारला जातो. मी सांगितलं, “येतील, पण महिनाअखेरीच्या आत येतील का, ते मला माहीत नाही. टीव्हीवाल्यालाही नाही. गाळेवाला बाजाराकडे बघून थांबणार आहे का?”

ते तोंड पाडून बसले. सकाळची पहिली घबराट ओसरू दिली आणि अकराच्या सुमारास विकायला लावलं. बटण त्यांनीच दाबलं. ग्राहकाचं बटण मी दाबत नाही, मग पडो की चढो. भाव चांगला मिळाला नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तणाव निवळला. बाजार असा उठला की जणू काही झालंच नव्हतं. राठोड रोज सकाळी यायचे, विकलेल्या शेअर्सचा भाव बघायचे आणि म्हणायचे, “पाहा मॅडम, आठ दिवस थांबलो असतो तं!” मी चहा पाजायचे. कॉईन मात्र गेले. ते खातंच त्या एजंटच्या हातात होतं. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे, अजून काही हाती आलेलं नाही, आणि येईल अशी खोटी आशा मी त्यांना लावलेली नाही.

गाळा मात्र सोनललाच मिळाला, ठरलेल्या तारखेला पैसे दिल्यामुळे. आठ दिवस थांबलो असतो तर, हे वाक्य राठोड अजून म्हणतात, पण आता दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणतात.

मी दाढ दाखवायला गेले होते. सोनलनं दिवा लावला, आरसा फिरवला आणि विचारलं, “मॅडम, तुम्ही झोपेत दात खाता. पार झिजलेत. कामाचं टेन्शन असतं का?”

“छे. मी तर लोकांना शांत ठेवते,” मी म्हटलं.

तिनं माझ्या दातांचं माप घेतलं. ज्या पैशाला तारीख आहे तो बाजारात ठेवायचा नाही, एवढंच मी ग्राहकांना सांगते, दिवसभर, अगदी ठामपणे. आणि रात्री दातांना प्लास्टिकची खोळ घालून झोपते.